उतारवयातील धावक आणि गुडघ्याची दुखापत

वार्षिक अहवालात आरोग्यविषयक माहिती देणारा एक तरी लेख असावा, अशी आमच्या हितचिंतकांची अपेक्षा असते. जमाखर्चाच्या आकड्यांवरून रुग्णालयाच्या कामाचा विस्तार कळतो; पण ते काम कोणत्या विचाराने चालते, हे आकड्यांतून समजत नाही. यंदा निवडलेला विषय वरवर पाहता मूठभर लोकांचा वाटेल. वयाची पन्नाशी वा साठी ओलांडल्यानंतरही नेमाने लांब अंतर धावणाऱ्या व्यक्तीचा गुडघा दुखावला, तर तिने काय करावे, हा तो विषय. या प्रश्नाचा विचार करताना आपल्या हाती जे लागते, ते गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या कोणत्याही ज्येष्ठ व्यक्तीला व तिच्या कुटुंबीयांना उपयोगी पडणारे आहे. म्हणूनच देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या सर्वांनी हा लेख वाचावा, अशी विनंती आहे.

धावणाऱ्यांची ही पिढी

महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या शर्यती नव्या नाहीत. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि सर्वसामान्य नोकरदार, गृहिणी, व्यावसायिक असे हजारो लोक पहाटे रस्त्यावर दिसू लागले. २०१२ पासून साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉनने घाट चढण्या-उतरण्याची ओढ लावली. त्या पहिल्या वर्षांत जे चाळिशीत होते, त्यांनी आज साठी ओलांडली आहे. त्यांच्यापैकी कित्येकांनी धावण्यास आरंभ केला तोच मुळी वाढलेले वजन, रक्तदाब किंवा मधुमेह यांच्या धास्तीने. डॉक्टरांनी चालायला सांगितले, चालता चालता पावले धावू लागली आणि पुढे दहा किलोमीटर, एकवीस किलोमीटर, क्वचित ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन असा प्रवास झाला.

अशा व्यक्तीचा गुडघा दुखू लागला की घरीदारी एकच सल्ला मिळतो : ‘आता वय झाले, धावणे सोडा.’ सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो. परंतु धावणे थांबते तेव्हा केवळ एक छंद थांबत नाही. आटोक्यात असलेली साखर वाढू लागते, वजन चढते, झोप बिघडते, पहाटेची सोबत तुटते. मांडीचे स्नायू काही आठवड्यांतच बारीक होऊ लागतात आणि ज्या गुडघ्यासाठी विश्रांती घेतली तोच अधिक दुबळा होतो. म्हणून ‘धावणे सोडा’ हा सल्ला देण्यापूर्वी नेमके काय बिघडले आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

गुडघ्याची रचना

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि समोरची वाटी या तीन हाडांनी गुडघ्याचा सांधा बनतो. या हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचे, काचेसारखे गुळगुळीत आवरण असते. त्यास कूर्चा म्हणतात. मांडीचे व नडगीचे हाड यांच्यामध्ये आतल्या व बाहेरच्या बाजूस चंद्रकोरीच्या आकाराची एकेक चकती असते. तिचे वैद्यकीय नाव मेनिस्कस. बोलीभाषेत आपण तिला गादी म्हणतो. वरून येणारा भार सर्वत्र सारखा वाटून देणे हे गादीचे प्रमुख काम. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि या सर्वांना बाहेरून आधार देणारे मांडीचे, पोटरीचे व नितंबाचे स्नायू मिळून सांधा स्थिर राहतो.

यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते आणि तो द्रव कूर्चेत आत-बाहेर होण्यासाठी तिच्यावर दाब पडणे व सुटणे आवश्यक असते. म्हणजे हालचाल हेच तिचे पोषण. दुसरी, गादीच्या केवळ बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. आतल्या भागाला तो जवळजवळ नसतो. त्यामुळे आतल्या भागातील फाट त्वचेवरील जखमेप्रमाणे भरून येत नाही.

‘झीज’ आणि ‘वंगण’ या शब्दांविषयी

‘गुडघे झिजले’, ‘वंगण संपले’ ही वाक्ये आपल्या कानावर नेहमी पडतात. हे शब्द बैलगाडीच्या आसावरून आलेले. आस जितका फिरेल तितका झिजेल आणि वंगण संपले की करकरेल, हे लाकूड-लोखंडाच्या बाबतीत खरे आहे. त्यावरून साहजिकच असे वाटते की, माणसाच्या वाट्याला काही ठरावीक पावले आलेली असून धावणारा ती लवकर संपवतो. परंतु सांधा ही जिवंत रचना आहे. योग्य प्रमाणात भार मिळाला तर हाड, स्नायू, कंडरा बळकट होतात आणि कूर्चाही आपले स्वास्थ्य टिकवून धरते. भार अजिबात मिळाला नाही तर त्या दुबळ्या होतात. आणि पेलण्याच्या क्षमतेपलीकडे भार अचानक पडला तर त्या दुखावतात. वय वाढते तशी ही क्षमता कमी होते व दुखावलेला भाग सावरण्यास अधिक काळ लागतो. उतारवयातील धावकाचा सारा प्रश्न या प्रमाणाचा आहे.

धावण्याने गुडघे खराब होतात काय?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ पासून पन्नाशीपुढील ५३८ धावक आणि ४२३ न धावणाऱ्या व्यक्तींचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १९ वर्षांनंतर धावकांपैकी १५ टक्के, तर इतरांपैकी ३४ टक्के व्यक्ती मृत्यू पावल्या होत्या आणि धावकांमध्ये दैनंदिन कामांतील परावलंबन उशिरा व कमी प्रमाणात आले होते. याच अभ्यासातील ४५ धावक व ५३ इतर व्यक्तींच्या गुडघ्यांच्या क्ष-किरण प्रतिमा २००२ पर्यंत वेळोवेळी काढण्यात आल्या. धावकांच्या गुडघ्यांत झिजेचा संधिवात अधिक आढळला नाही. मुळात निरोगी माणसेच धावतात, हा आक्षेप अशा अभ्यासांवर घेता येतो व तो रास्त आहे. तरीही धावण्याने गुडघे हमखास खराब होतात, या समजुतीला त्यातून पुष्टी मिळत नाही, हे निश्चित.

२०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या पाहणीत खुबा वा गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावकांत ३.५ टक्के, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के आढळले. हे तीन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. बैठे जीवन गुडघ्याला मानवत नाही आणि अतिरेकही मानवत नाही. जुनी दुखापत झालेला गुडघा किंवा अतिरिक्त वजन असल्यास धोका वाढतो, हेही लक्षात घ्यावे.

दुखापत कशी होते?

तरुण खेळाडूचा गुडघा बहुधा एका क्षणी मुरगळतो व अस्थिबंध किंवा गादी फाटते. उतारवयातील धावकाची कहाणी निराळी असते. त्याला बहुधा दुखापतीचा दिवसही सांगता येत नाही. वर्षानुवर्षे चिवटपणा गमावत आलेल्या गादीत बारीक फाट पडते. सांध्याच्या आतल्या बाजूस दुखू लागते. लांब धावल्यानंतर संध्याकाळी थोडी सूज येते. वाटीच्या मागे दुखणे, जिना उतरताना कळ येणे, मांडीच्या बाहेरील बाजूचा पट्टा गुडघ्यापाशी दुखणे, वाटीखालची कंडरा दुखावणे हेही नेहमी आढळणारे प्रकार होत.

कारण शोधू गेल्यास ते बहुतेकदा मागील दोन-तीन महिन्यांच्या सरावात सापडते. शर्यत जवळ आली म्हणून अंतर एकदम वाढवलेले असते, आजारपणानंतर जुन्याच वेगाने पुन्हा आरंभ केलेला असतो, किंवा सपाटीवर धावणाऱ्याने अचानक घाट धरलेला असतो. चढ हृदयाची व फुप्फुसांची परीक्षा पाहतो, तर उतार गुडघ्याची. उतारावर प्रत्येक पावलागणिक शरीर थोपवून धरण्याचे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंना करावे लागते आणि वाटीमागील दाब वाढतो. या स्नायूंचे बळ वयानुसार कमी झालेले असते. पण धावण्याची उमेद मात्र चाळिशीतलीच असते. ही तफावत दुखापतीचे मूळ ठरते.

तपासणी : प्रतिमा काय सांगते आणि काय सांगत नाही

चांगली तपासणी रुग्णाच्या हकिकतीपासून सुरू होते. कोठे दुखते, केव्हा दुखते, सूज किती वेळात आली, गुडघा अडकतो काय, पाय दगा देतो काय, हे विचारून आणि हाताने तपासून बराचसा उलगडा होतो. खुबा वा कंबर यांच्या विकारातही गुडघ्यात दुखू शकते, म्हणून त्यांचीही तपासणी करावी लागते. संधिवाताची शंका असल्यास उभे राहून काढलेली क्ष-किरण प्रतिमा पुरेशी माहिती देते. झोपून काढलेल्या प्रतिमेत सांध्यातील खरे अंतर कळत नाही.

एमआरआयचा आग्रह मात्र रुग्ण व नातेवाईक पहिल्याच भेटीत धरतात. येथे एक महत्त्वाचा अभ्यास सांगणे उचित ठरेल. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ व्यक्तींच्या गुडघ्यांचे एमआरआय करण्यात आले. या व्यक्ती गुडघा दुखतो म्हणून निवडलेल्या नव्हत्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर तीन व्यक्तींमागे सुमारे एकीच्या गादीत फाट किंवा नाश आढळला. आणि ज्यांच्या गादीत फाट होती, त्यांच्यापैकी ६१ टक्के व्यक्तींना आधीच्या महिन्यात गुडघ्याचा कोणताही त्रास झालेला नव्हता.

याचा अर्थ स्पष्ट आहे. साठीतील माणसाच्या एमआरआयच्या अहवालात ‘गादी फाटली आहे’ असे लिहून आले, तर ते केस पांढरे झाल्यासारखे वयाचे चिन्ह असू शकते. दुखण्याचे कारण तेच आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. अहवाल हाती पडताच धावकाचा धीर सुटतो, घरात शस्त्रक्रियेची बोलणी सुरू होतात आणि पैशांची जुळवाजुळव होते. ज्या तपासणीने उपचार बदलणार नाहीत, ती लगेच न करणे हेच अनेकदा रुग्णाच्या हिताचे असते.

शस्त्रक्रियेचे स्थान

गादीविषयीचे वैद्यकशास्त्राचे मत गेल्या शतकात पार बदलले आहे. एके काळी ती निरुपयोगी मानून फाटल्यास संपूर्ण काढून टाकली जात असे. गादी काढलेल्या गुडघ्यांत पुढे कोणते बदल होतात, हे इंग्लंडमधील शल्यविशारद फेअरबँक यांनी १९४८ साली क्ष-किरण प्रतिमांच्या आधारे दाखवले आणि गादीचे मोल कळू लागले. जपानमधील वातानाबे यांनी १९६२ साली दुर्बिणीच्या साहाय्याने गादीचा केवळ फाटलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया केली. लहान छेद व अल्प मुक्काम यांमुळे ही पद्धत जगभर पसरली आणि झिजेमुळे पडलेल्या फाटीसाठीही सर्रास वापरली जाऊ लागली.

या वापराची कसोशीने परीक्षा पुढे झाली. फिनलंडमध्ये झिजेची फाट असलेल्या, परंतु संधिवात नसलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींवर खरी शस्त्रक्रिया केली गेली, तर काहींवर केवळ तिचा देखावा करण्यात आला. कोणावर काय झाले, हे रुग्णांस ठाऊक नव्हते. त्यांनी या प्रयोगास आधीच संमती दिलेली होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एक वर्षानंतर दोन्ही गटांतील आराम सारखाच होता. नॉर्वेमधील १४० रुग्णांच्या २०१६ सालच्या अभ्यासात बारा आठवड्यांचा व्यायाम आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. दोन वर्षांनंतर दोहोंत अर्थपूर्ण फरक नव्हता. व्यायाम करणाऱ्यांचे मांडीचे स्नायू मात्र पहिल्या काही महिन्यांत अधिक बळकट झाले. व्यायाम गटातील सुमारे पाचांपैकी एकाने पुढे शस्त्रक्रिया करून घेतली, हेही येथे नमूद केले पाहिजे. २०१७ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने झिजेच्या विकारांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

याचा अर्थ शस्त्रक्रिया कधीच नको, असा मुळीच नाही. पुढील लक्षणे असल्यास विलंब न करता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे :

१. गुडघा अडकून बसणे व पूर्ण सरळ न होणे.
२. मुरगळल्यानंतर काही तासांतच मोठी सूज येणे.
३. पायावर भार देता न येणे किंवा पाय वारंवार दगा देणे.
४. उठताना वा उकिडवे बसताना गुडघ्याच्या मागे एकदम कट्कन आवाज होऊन तीव्र वेदना सुरू होणे. गादी मुळापासून सुटल्याचे ते लक्षण असू शकते व अशा फाटीचा विचार वेगळा करावा लागतो.
५. सांधा लाल व गरम होऊन ताप येणे.
६. पोटरीस सूज येऊन ती दुखणे.
७. विश्रांतीतही, विशेषतः रात्री, न थांबणारे दुखणे.
८. हाडाच्या एका ठरावीक जागी बोट ठेवल्यास असह्य दुखणे. रजोनिवृत्तीनंतरच्या धावक स्त्रियांत हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शक्यता अशा वेळी ध्यानात घ्यावी.

उपचार : मोजून दिलेले काम

वरीलपैकी काही नसल्यास उपचारांचा कणा म्हणजे भौतिकोपचार. प्रथम एक-दोन आठवडे धावणे थांबवून सूज उतरू द्यावी. याचा अर्थ अंथरुणाला खिळणे नव्हे. सपाटीवर चालणे, सायकल, पोहणे यांपैकी जे सोसवते ते चालू ठेवावे. हृदय व फुप्फुसे यांची कमाई त्यामुळे टिकते.

त्यानंतर बळ वाढवण्याचे व्यायाम येतात. आरंभी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळणे व पाय सरळ ठेवून उचलणे. पुढे खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला पाठ टेकवून अर्धे खाली बसणे, उताणे पडून कंबर उचलणे, कुशीवर झोपून पाय वर नेणे, टाचा उचलणे आणि पायरीवर चढणे-उतरणे. सोपे वाटू लागले की वजन वाढवावे. वजन न वाढवता तीच हालचाल महिनोन्‌महिने करीत राहिल्यास बळ वाढत नाही. घरच्या घरी केलेल्या व्यायामात हीच त्रुटी वारंवार आढळते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, किमान बारा आठवडे, असा हा क्रम आहे.

व्यायामात थोडे दुखले तर घाबरण्याचे कारण नाही. शून्य म्हणजे वेदना नाही व दहा म्हणजे असह्य वेदना, असे मानल्यास तीनपर्यंतची वेदना चालते. मात्र ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाली पाहिजे आणि सूज वाढता कामा नये. तसे न झाल्यास आदल्या दिवशीचे काम जास्त झाले, असे समजून ते कमी करावे. गुडघ्याचे म्हणणे ऐकण्याची ही रीत कोणासही शिकता येते.

वजन अधिक असल्यास ते कमी करणे हाही उपचारच. स्थूल व संधिवात असलेल्या व्यक्तींच्या २००५ सालच्या अभ्यासात शरीराचे वजन जेवढे उतरले, त्याच्या सुमारे चौपट भार प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरून उतरल्याचे आढळले.

आपल्याकडील बैठकीचाही विचार करावा लागतो. मांडी घालून दीर्घकाळ बसणे, उकिडवे बसणे यांत गुडघा पूर्ण दुमडतो व दुखऱ्या गादीवर ताण येतो. दुखणे असेपर्यंत पूजेसाठी, जेवणासाठी चौरंग वा खुर्ची आणि शौचासाठी कमोड वापरावा. पूर्ववत झाल्यावर सवयीनुसार खाली बसण्यास हरकत नसते.

पुन्हा धावण्याकडे

अर्धा तास भरभर चालून गुडघा दुखत नसेल, जिना विनासायास उतरता येत असेल आणि सूज नसेल, तर धावण्यास आरंभ करता येतो. पहिल्या दिवशी एक मिनिट धावणे व चार मिनिटे चालणे, असे पाच-सहा फेरे पुरेत. एक दिवस सोडून धावावे. हळूहळू धावण्याची मिनिटे वाढवावीत, चालण्याची घटवावीत. आधी अंतर वाढवावे, मग वेग. उतार सर्वांत शेवटी. पावले किंचित आखूड टाकून त्यांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तर गुडघ्यावरील भार कमी होतो, हे प्रयोगांत दिसून आले आहे. झिजलेले बूट बदलावेत. मात्र महागड्या बुटांनी स्नायूंचे बळ विकत मिळत नाही. बळ वाढवण्याचे व्यायाम बरे वाटल्यावर सोडू नयेत. साठीनंतरच्या धावकाने ते दात घासण्याइतके नित्याचे मानावेत.

शर्यतीच्या वेळेचा हिशेब मात्र नव्याने मांडावा लागतो. दहा वर्षांपूर्वीच्या आपल्याच वेळेशी झुंजणारा धावक पुन्हा पुन्हा जायबंदी होतो. पूर्ण मॅरेथॉनऐवजी अर्धी, अर्धीऐवजी दहा किलोमीटर, रोजऐवजी आठवड्यातून तीन दिवस, ही तडजोड मानहानिकारक नाही. तिच्यामुळेच आणखी दहा-पंधरा वर्षे धावता येण्याची शक्यता वाढते.

गोळ्या, इंजेक्शने आणि चूर्णे

वेदनाशामक गोळ्या दुखणे दाबतात, बळ वाढवत नाहीत. धावण्यापूर्वी अशी गोळी घेण्याची प्रथा विशेष घातक होय. इशारा देणारी वेदना तिने झाकली जाते. शिवाय घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या औषधांनी मूत्रपिंडास इजा होऊ शकते. रक्तदाब व मधुमेह असलेल्यांनी हे कटाक्षाने टाळावे.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. परंतु संधिवात असलेल्या १४० रुग्णांच्या २०१७ सालच्या अभ्यासात दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे अशी इंजेक्शने दिल्यावर वेदनेत खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा अधिक फरक पडला नाही, उलट कूर्चा मात्र अधिक पातळ झाली. रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या घटकांचे, पीआरपी नावाने दिले जाणारे इंजेक्शन महाग असते. २८८ रुग्णांच्या २०२१ सालच्या अभ्यासात तेही खाऱ्या पाण्याहून सरस ठरले नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची २००६ साली दीड हजारांहून अधिक रुग्णांवर परीक्षा झाली. एकूण रुग्णांत त्यांचा लक्षणीय उपयोग दिसला नाही. घरातील मर्यादित पैसा कोठे खर्च करावा, हे ठरवताना ही माहिती उपयोगी पडावी.

जेव्हा खरोखर थांबावे लागते

काही गुडघ्यांत संधिवात इतका पुढे गेलेला असतो की व्यायाम करूनही धावणे सोसत नाही. हे सत्य रुग्णास स्पष्टपणे, परंतु सहानुभूतीने सांगावे लागते. चालणे, सायकल, पोहणे यांतून आरोग्याचा फार मोठा भाग राखता येतो. रोजचे चालणे व रात्रीची झोपही अशक्य झाल्यास सांधेबदलाचा विचार करावा. कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातल्याने ही शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा आवाक्यात आली आहे. त्यानंतर चालता-फिरता येते, सायकल चालवता येते. लांब अंतर धावण्याचा सल्ला मात्र साधारणतः दिला जात नाही. ज्याने वीस वर्षे धावण्यात घालवली, त्याच्यासाठी हा एक प्रकारचा वियोग असतो. त्याचे दुःख हसण्यावारी नेऊ नये.

कुटुंबीयांसाठी

बारा आठवडे हा काळ मोठा आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फरक जाणवेनासा होतो व रुग्णाचा उत्साह मावळतो. अशा वेळी घरच्यांनी ‘सांगितले होते ना’ असे म्हणण्याऐवजी व्यायामाची वही पुढे ठेवावी. आज किती वेळा केले, किती दुखले, सकाळी कसे होते, हे तीन रकाने पुरेत. दुसऱ्या टोकाचा धावकही असतो. तो दुखणे लपवतो आणि पहाटे गुपचूप बाहेर पडतो. त्याला मनाई करण्यापेक्षा ही वही अधिक उपयोगी ठरते, कारण तीत त्याचा गुडघा स्वतःच बोलतो. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत : ही फाट अचानक झालेली आहे की झिजेची? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? आणि व्यायामाचा पुरेसा प्रयत्न झाला आहे काय?

देणगीदार व विश्वस्तांसाठी

बारामतीच्या लता भगवान करे यांचे नाव अनेकांस ठाऊक असेल. पतीच्या वैद्यकीय तपासणीचा खर्च भागवण्यासाठी उतारवयात नऊवारी लुगड्यात, अनवाणी त्या ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्या जीवनावरील चित्रपटातील कामासाठी २०२१ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांचे कौतुक करताना एक गोष्ट मनाला टोचत राहते. तपासणीच्या पैशांसाठी कोणा आजीला धावावे लागू नये, यासाठीच तर धर्मादाय रुग्णालये असतात.

देणगीतून यंत्र घेतले की त्यावर देणगीदाराचे नाव कोरता येते. भौतिकोपचारतज्ज्ञाने एका रुग्णाला दिलेल्या पाऊण तासावर नाव कोरता येत नाही. परंतु गुडघ्याच्या बाबतीत पुरावा असे सांगतो की, तो पाऊण तास, आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे मिळाला, तर अनेकांची शस्त्रक्रिया टळू शकते. त्यासाठी लागणारे साहित्य साधे आहे : चटया, वजने, लाकडी पायऱ्या, एक स्थिर सायकल. लागतो तो प्रशिक्षित माणसाचा वेळ आणि गरीब रुग्णाला आठवड्यातून दोनदा येथवर येण्याचे भाडे. रोजंदारी बुडवून चोवीस वेळा येणे अनेकांना शक्य होत नाही व उपचार अर्ध्यावर सुटतो. देणगीचा काही भाग अशा न दिसणाऱ्या खर्चासाठी राखून ठेवावा, अशी नम्र सूचना आहे.

समारोप

वयाबरोबर गुडघा बदलतो, हे कोणासही टाळता आलेले नाही. पण बदललेला गुडघा म्हणजे निकामी गुडघा नव्हे. त्याला झेपेल तेवढे काम मोजून द्यावे, झेपू लागले की थोडे वाढवावे आणि न झेपल्यास मागे यावे, एवढेच त्याचे मागणे असते. धावक पुन्हा एकवीस किलोमीटर धावेल किंवा नातवंडाचा हात धरून बागेत फेरी मारील. दोन्हींसाठी लागणारे बळ मांडीच्या त्याच स्नायूंतून येते व त्याच धीराने मिळवावे लागते. तो धीर रुग्णाला, त्याच्या घरच्यांना आणि त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या आपणा सर्वांना लाभो, हीच सदिच्छा.